‘अदाजिओ’ : संगीतांतील गतिवाचक इटालियन शब्दांची हकीकत

या स्मरणिकेंत धर्मग्रामाच्या स्थापनेचा वृत्तांत, देवळाच्या बांधकामाची हकीकत आणि आजवर येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचीं चरित्रें इतर लेखकांनीं सादर केलींच आहेत. गायकमंडळाच्या वतीनें कांहीं लिहावें अशी जेव्हां आम्हांस आज्ञा झाली, तेव्हां मंडळाचा इतिहास लिहावा असा आमचा पहिला विचार होता. तो विचार आम्हीं सोडून दिला. कारण महोत्सवाच्या तयारींत एका शब्दावरून आमच्यांत असा कांहीं वाद माजला, कीं त्या शब्दाची व त्याच्या भाऊबंदांची कुळकथा शोधून काढण्यांतच आमचे दोन महिने गेले. तो शब्द म्हणजे ‘अदाजिओ’.

प्रकार घडला तो असा. महोत्सवाच्या मुख्य मिस्सेंत मोझार्टचें ‘आवे व्हेरुम कॉर्पुस’ म्हणावयाचें असें सर्वानुमतें ठरलें होतें. हें स्तोत्र लहानसें, अवघ्या 46 बारांचें. परंतु आमच्या मंडळांत त्यास एक प्रकारचा मान आहे. आमच्या जुन्या मास्तरांनीं (देव त्यांच्या आत्म्यास चिरशांति देवो) तें स्वतःच्या हातानें वहींत उतरून घेतलें होतें, आणि ती निळ्या शाईची वही माळ्यावरील कपाटांत अद्याप आहे. 1963 सालच्या महासभेच्या निर्णयानंतर मिस्सेंत मराठी गीतें आलीं आणि लॅटिन वह्या बाजूस पडल्या. तरी एवढें एक स्तोत्र मंडळानें टाकलें नाहीं. मास्तर तें फार सावकाश म्हणवून घेत. आरंभापासून अखेरपर्यंत चार मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि शेवटच्या लांब ओढीवर कोणाचा ना कोणाचा दम हटकून तुटे. वडील मंडळींस तीच चाल ठाऊक. तरुण मंडळींनीं मात्र तालमीच्या दुसऱ्याच दिवशीं तक्रार मांडली, कीं ह्या गतीनें म्हणणें श्वासास झेपत नाहीं व ऐकणारासहि गाण्याचा धागा सांपडत नाहीं.

वडिलांनीं वहींतील शब्दावर बोट ठेविलें : येथें ‘अदाजिओ’ लिहिलें आहे, आणि अदाजिओ म्हणजे अति मंद. त्यावर एका मुलीनें खिशांतील फोन काढून त्यांतील टिकटिक करणारें मापयंत्र दाखविलें. त्यावर ‘अदाजिओ’ ह्या नांवापुढें 66 ते 76 असे आंकडे होते. मग वाद आणखीच वाढला. मिनिटास 66 ठोके हें खरें, पण ठोका कोणत्या स्वरचिन्हास द्यावयाचा, क्रॉचेटास कीं मिनिमास? अखेर आमचे सर्वांत वडील टेनर, ज्यांनीं मास्तरांच्या हाताखालीं ऐन उमेदीचीं वर्षें काढलीं, त्यांनीं आपली वही मिटली व ते म्हणाले, “मास्तरांनीं आम्हांस चुकीचें शिकविलें असें म्हणावयाचें असेल, तर मला वगळा.” त्या दिवशींची तालीम तेथेंच संपली. दुसऱ्या दिवशीं फादरांनीं आम्हां दोघांतिघांस बोलावून सांगितलें, कीं शब्द काय म्हणतो तें आधीं नीट पाहा आणि मग भांडा. पुढील मजकूर हें त्या पाहण्याचें फळ होय.

पहिली गोष्ट आम्हांस अशी कळली, कीं ज्यांस आम्ही गतीचीं नांवें म्हणतों, त्यांपैकीं पुष्कळ शब्द मुळांत गतीचे नव्हतच. ‘लेंतो’ म्हणजे मंद आणि ‘प्रेस्तो’ म्हणजे त्वरित, एवढे खरे गतिवाचक. ‘अल्लेग्रो’ म्हणजे आनंदी. इटलींत एखादा मनुष्य हंसतमुख असला तर त्याला अल्लेग्रो म्हणतात, मग तो चालण्यांत कितीहि मंद असो. ‘लार्गो’ म्हणजे रुंद, प्रशस्त. ‘ग्राव्हे’ म्हणजे जड, भारदस्त. ‘व्हिव्हाचे’ म्हणजे चैतन्यपूर्ण. ‘आंदांते’ हें चालणें ह्या क्रियापदाचें रूप. अर्थ एवढाच, कीं चालतें. आणि ज्यावरून आमच्यांत रणें माजलीं तो ‘अदाजिओ’ हा ‘आद आजिओ’ ह्या दोन शब्दांचा जोड असून त्याचा अर्थ ‘सुखानें’, ‘स्वस्थपणें’, ‘आरामशीर’ असा आहे. घाई नसलेला मनुष्य जसा खुर्चींत बसतो किंवा वाट चालतो, तसें. दम तुटेपर्यंत सावकाश, असा अर्थ त्यांत कोठेंहि नाहीं. हें वाचून तरुण पक्षास आनंद झाला. परंतु शब्दाच्या व्युत्पत्तीवरून त्याचा पुढील उपयोग ठरत नसतो, हें आम्हीं त्यांस तेव्हांच बजावून ठेविलें.

हे शब्द संगीतांत आले केव्हां? देवळांतील गायन तर त्यांच्यापेक्षां किती तरी जुनें. परंतु गति लिहून ठेवण्याची इच्छा मात्र इटालियन शब्दांच्या फार आधींची आहे, व तिचा पहिला ठळक पुरावा आल्प्स पर्वताजवळच्या सांक्ट गालेन येथील मठांत मिळतो. नवव्या-दहाव्या शतकांत तेथील साधु ग्रेगोरियन गायनाचीं चिन्हें शब्दांच्या डोक्यावर लिहीत. चिन्हांवरून सूर वर जातो कीं खालीं येतो एवढेंच कळे. म्हणून त्या चिन्हांशेजारीं ते बारीक अक्षरें घालूं लागले. ‘सी’ अक्षर असेल तेथें त्वरेनें म्हणावयाचें, कारण ‘चेलेरितेर’ ह्या लॅटिन शब्दाचें तें आद्याक्षर. ‘टी’ असेल तेथें सूर धरून ठेवावयाचा. ‘एक्स’ असेल तेथें क्षणभर थांबावयाचें. 912 सालीं मृत्यु पावलेले नोट्केर नांवाचे त्या मठांतील विद्वान् साधु, ज्यांस बोलण्यांत अडखळत म्हणून ‘बोबडे’ हें उपनांव पडलें होतें, त्यांनीं लांतबेर्त नामक मित्रास पत्र लिहून ह्या अक्षरांचा अर्थ एकेक करून समजाविला आहे. पत्रांत त्यांनीं बहुतेक सारी वर्णमालाच कामास लाविली आहे, आणि कांहीं अक्षरांचे अर्थ तर केवळ जागा भरण्यासाठीं योजिले असावेत असें वाटतें. दहाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत लिहिलेलें अशा अक्षरांचें एक हस्तलिखित त्याच मठाच्या ग्रंथालयांत आजहि सुरक्षित आहे. गायकास ‘येथें घाई कर, येथें थांब’ असें कागदावरून सांगण्याची गरज हजार वर्षांपूर्वींहि भासत होती, हें पाहून आमच्या टेनर काकांनाहि मौज वाटली.

पुढें बहुस्वरी गायन आलें, आणि प्रत्येक सुराची लांबी ठरविणें भाग पडलें. तेव्हां गति शब्दांनीं न सांगतां खुणांनीं सांगत. तीनचा भाग ‘पूर्ण’ मानीत व त्याची खूण पूर्ण वर्तुळ; दोनचा भाग ‘अपूर्ण’ व त्याची खूण अर्धें उघडें वर्तुळ. तीन ही संख्या पूर्ण कां, तर पवित्र त्रैक्यामुळें, असें तेराव्या शतकांतील फ्रांको नामक शास्त्रकार स्पष्ट सांगतो. आज चारांच्या तालास जी रोमन ‘सी’ अक्षरासारखी खूण आपण घालतों, ती ‘सी’ नव्हेच. तें जुनें अर्धें उघडें वर्तुळ आहे. ह्या वर्तुळांतून उभी रेघ ओढली कीं मोजणी दुप्पट मोठ्या सुरांवर जाई. ही रेघ वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, तिचें काम शेवटीं पडणार आहे.

मूळ ठोका किती जलद, हें मात्र कोणीं लिहीत नसे. तो सर्वांस ठाऊक असे. मिलान येथील मुख्य देवळाचे गायनप्रमुख गाफुरिओ यांनीं 1496 सालच्या आपल्या ग्रंथांत त्यास शांतपणें श्वास घेणाऱ्या मनुष्याच्या नाडीची उपमा दिली आहे. गायकांपैकीं एक जण हात खालीं-वर करी, व त्या हाताबरोबर सर्व चालत. हात स्थिर, आणि वेग वाढवावयाचा तर लहान सूर लिहावयाचे, अशी ती व्यवस्था. जोंवर गायन म्हणजे एकच अखंड प्रवाह होता, तोंवर ती पुरेशी होती.

शब्दांनीं गति सांगण्याचा पहिला छापील प्रयत्न इटलींतला नसून स्पेनचा आहे. व्हालेन्सिया येथील लुईस मिलान यांनीं 1536 सालीं विहुएला नांवाच्या तंतुवाद्यासाठीं ‘एल मायेस्त्रो’ हें पुस्तक छापलें, आणि प्रत्येक गतीच्या आधीं ती जलद वाजवावी कीं सावकाश, तें साध्या स्पॅनिश वाक्यांत लिहिलें. हें पुस्तक पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन यास अर्पण केलेलें आहे. ज्या राजाच्या इच्छेवरून संत फ्रान्सिस झेवियर 1542 सालीं गोव्यास पोंचले, तोच हा राजा. परंतु मिलान यांचीं वाक्यें त्यांच्याच पुस्तकांत राहिलीं. त्यांची परंपरा झाली नाहीं.

परंपरा सुरू झाली ती सतराव्या शतकाच्या आरंभीं इटलींत, आणि तिचे आरंभक बहुतेक देवळाच्या चाकरींतले होते. बोलोन्या येथील मठवासी साधु आद्रिआनो बांकिएरी यांनीं ऑर्गनवादकांसाठीं केलेल्या पुस्तकाच्या 1611 सालच्या आवृत्तींत अदाजिओ, अल्लेग्रो, प्रेस्तो हे शब्द सुरांच्या जवळ छापलेले आढळतात. 1608 पासून रोममधील संत पेत्राच्या महामंदिरांत ऑर्गन वाजविणारे फ्रेस्कोबाल्दी आपल्या तोक्काता-संग्रहाच्या प्रस्तावनेंत वादकांस सांगतात, कीं एकाच ठोक्यास बांधून घेऊं नका. आधुनिक माद्रिगाल गातांना जसें शब्दांच्या भावाप्रमाणें कधीं सुस्त, कधीं चपळ व्हावें लागतें, तसेंच येथें करा. व्हेनिसच्या सान मार्को देवळाचे गायनप्रमुख मोंतेव्हेर्दी, जे पुढें 1632 सालीं स्वतः धर्मगुरु झाले, त्यांनीं 1638 सालच्या संग्रहांतील एका विलापगीतांत तर गाणारीनें हाताच्या ठोक्यानें नव्हे, तर मनाच्या भावनेच्या ठोक्यानें गावें अशी सूचना घातली आहे.

येथेंच सर्व गुपित आहे असें आम्हांस वाटतें. जुन्या गायनांत हात एक होता. नव्या गायनांत शब्दागणिक मन बदलूं लागलें. शोकाचा शब्द आला कीं ठोका जड व्हावा, हर्षाचा आला कीं हलका व्हावा. वर्तुळें आणि रेघा ह्या कामास अपुऱ्या पडल्या, तेव्हां ज्या भाषेंत ते लोक घरीं बोलत, तींतले चार शब्द त्यांनीं सुरांवर टांचले. आनंदानें. जडपणें. स्वस्थपणें. त्यांत वेग होता, पण वेगाआधीं भाव होता. म्हणूनच व्युत्पत्ति भावाची आहे.

मग सर्व युरोपनें हेच शब्द कां घेतले? इटालियन भाषा गोड म्हणून, असें कोणीं म्हणतात. तें आम्हांस पटत नाहीं. माल जेथून येतो तेथील नांव मालाबरोबर येतें, एवढी साधी गोष्ट आहे. 1637 सालीं व्हेनिस येथें पैसे देऊन तिकीट काढून पाहावयाचें पहिलें संगीत-नाटकगृह उघडलें, आणि त्यानंतर शंभर-दीडशें वर्षें युरोपांतील राजवाड्यांस गायक, वादक व संगीतकार पुरविण्याचा जणुं मक्ताच इटलीकडे होता. रोमच्या कोरेल्लीनें 1681 सालीं स्वीडनची राणी क्रिस्तिना हिला अर्पण केलेल्या आपल्या पहिल्या संग्रहांत ग्राव्हे, अल्लेग्रो, अदाजिओ असे मथळे प्रत्येक भागावर घातले. हे संग्रह पुन्हां पुन्हां छापले जाऊन देशोदेशीं गेले. मागाहून व्हेनिसचे लाल केसांचे धर्मगुरु व्हिव्हाल्दी यांचे कॉन्चेर्तो 1711 सालीं आम्सटरडॅम येथें छापले गेले. जर्मनींतील वादकास इटलींतून आलेला कागद वाजवावयाचा तर त्यावरील शब्द शिकणें भागच होतें, आणि शिकल्यावर स्वतः लिहितांनाहि तो तेच शब्द लिही.

परंतु शब्द प्रवासास निघाले कीं त्यांचे अर्थ वाटेंत बदलतात. इंग्लंडच्या पर्सेलनें 1683 सालीं इटालियन धर्तीचे सोनाता छापले, तेव्हां आपल्या देशबांधवांस हे शब्द परके वाटतील म्हणून प्रस्तावनेंत त्यांचा अर्थ दिला. त्याच्या मतें अदाजिओ व ग्राव्हे म्हणजे अगदीं मंद, अल्लेग्रो व व्हिव्हाचे म्हणजे फार जलद, आणि लार्गो म्हणजे मधली चाल! आज कोणत्याहि शाळेंत लार्गो हा मंदांतला मंद म्हणून शिकवितात. पर्सेल अडाणी होता काय? मुळींच नाहीं. रुंद पावलें टाकणारा मनुष्य मंदच चालतो असें थोडेंच आहे? त्या काळीं त्या शब्दाचा अर्थ तसाहि होत होता. म्हणजे एकच शब्द, एकच शतक, आणि दोन गांवांत दोन गति.

कोशकारहि लवकरच पुढें आले. फ्रान्समधील धर्मगुरु सेबास्तियँ द ब्रोसार, जे प्रथम स्ट्रासबुर्ग व नंतर मो येथील मुख्य देवळांत गायनप्रमुख होते, त्यांनीं 1703 सालीं संगीतांतील ग्रीक, लॅटिन व इटालियन शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. 1724 सालीं लंडनमध्यें अशाच परक्या शब्दांचें एक छोटें पुस्तक निघालें. फ्रेंच लोक मात्र कांहीं काळ अडून बसले. कूपरँ यांनीं 1716 सालच्या आपल्या वादनविषयक पुस्तकांत इटालियन व फ्रेंच लिहिण्यांतला भेद चर्चिला आहे. इटालियन जसें वाजवितात तसें लिहितात, आम्ही फ्रेंच मात्र लिहितों एक आणि वाजवितों एक, असें ते कबूल करतात. ‘कोमलपणें’, ‘चपळपणें’ असे फ्रेंच शब्द ते आपल्या कृतींवर घालीत. ते सुंदर आहेत, पण फ्रान्सबाहेर चालले नाहींत.

गोंधळ इतका झाला, कीं ‘आंदांते’ मंद कीं जलद ह्यावर आजहि पंडितांचें एकमत नाहीं. अठराव्या शतकांत ‘अधिक आंदांते’ असें लिहिलें म्हणजे अधिक चालतें, अर्थात् थोडें जलद. पुढें आंदांते हा मंद गतींत मोडूं लागला, तेव्हां त्याच सूचनेचा अर्थ उलटा होऊं लागला. मग ‘आंदांतीनो’, म्हणजे लहान आंदांते, हा मूळ शब्दाहून जलद कीं सावकाश? प्रत्यक्ष बेथोव्हेननें 1813 सालीं एडिंबरोच्या एका प्रकाशकास पत्रानें विनंति केली, कीं आंदांतीनो आंदांतेहून जलद हवा कीं मंद, तें कृपया कळवावें, कारण ह्या शब्दाचा अर्थ अनिश्चित आहे. बेथोव्हेनला विचारावें लागलें, तेथें आमच्या गायकमंडळांत तंटा झाला ह्यांत नवल तें काय!

माप हवें, हें सर्वांस पटत होतें. माप कशाचें घ्यावें, हाच प्रश्न होता. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे बांसरीचे गुरु क्वांत्स यांनीं 1752 सालच्या ग्रंथांत पुन्हां नाडीच धरली. मिनिटास 80 ठोके पडणारी, निरोगी व उल्हासी मनुष्याची, दुपारच्या जेवणानंतरची नाडी घ्यावी. फार जलद अल्लेग्रोंत नाडीच्या एका ठोक्यास एक मिनिम, अल्लेग्रेत्तोंत एक क्रॉचेट, गेय अदाजिओंत एक क्वेव्हर, आणि अति मंद अदाजिओंत एका क्वेव्हरास दोन ठोके. हिशेब नीटनेटका आहे. फक्त वादकास ताप आलेला नसावा आणि त्यानें उपास केलेला नसावा! तथापि क्वांत्सच्या ह्या हिशेबांत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. अदाजिओ म्हटल्यानें गति ठरत नाहीं. अदाजिओ कोणत्या स्वरचिन्हावर मोजला, त्यावरून ती ठरते. आमचा टिकटिक-यंत्राचा वाद नेमका येथेंच अडला होता.

यंत्राची कथा थोडक्यांत सांगतों. पारीस येथील लुलिए यांनीं 1696 सालीं दोरीच्या लंबकाचें, माणसाएवढ्या उंचीचें एक कालमापक वर्णिलें. तें घेऊन हिंडणें शक्य नव्हतें. 1814 सालीं आम्सटरडॅमच्या विंकेल नांवाच्या कारागिरानें लंबकास वरच्या टोंकासहि वजन लावून आंखूड दांडीनें सावकाश ठोके पाडण्याची युक्ति काढली. व्हिएन्नाच्या मेल्त्सेलनें ती पाहिली, तिला आंकड्यांची पट्टी जोडली, 1815 सालीं स्वतःच्या नांवें हक्क घेतला व ‘मेट्रोनोम’ म्हणून विकावयास काढली. विंकेलनें दाद मागितली, आणि हॉलंडच्या विद्वन्मंडळानें युक्ति त्याची आहे असा निकालहि दिला. पण तोंवर बाजार मेल्त्सेलच्या हातांत गेला होता. आजहि त्या आंकड्यांच्या आधीं मेल्त्सेलच्याच नांवाचें आद्याक्षर लिहितात.

बेथोव्हेनला हें यंत्र इतकें आवडलें, कीं 1817 सालीं त्यानें आपल्या तोंवरच्या आठहि सिंफनींचे आंकडे छापून काढले. त्याच वर्षीं व्हिएन्नाच्या एका संगीतज्ञास पत्र लिहून त्यानें हे जुने शब्द सोडून देण्याचा आपला विचार कळविला. त्याचें म्हणणें असें, कीं अल्लेग्रो म्हणजे आनंदी. पण पुष्कळ वेळां संगीताचा भाव त्या शब्दाच्या अगदीं उलट असतो. ज्या शब्दांनीं भाव दाखवावयाचे ते ठेवावे, कारण ठोका हा शरीर आहे आणि भाव हा आत्मा. परंतु अल्लेग्रो, आंदांते, अदाजिओ, प्रेस्तो ह्या चौघांस रजा द्यावी. गंमत अशी, कीं ती रजा त्यानें स्वतःहि दिली नाहीं. नवव्या सिंफनीवर आंकडेहि आहेत आणि तेच जुने शब्दहि आहेत. आणि त्या आंकड्यांपैकीं कांहीं इतके जलद आहेत, कीं वादकमंडळी आजपावेतों त्यांवर भांडत आहेत. आंकड्यानें भांडण मिटतें, हा समज तेव्हांच खोटा ठरला.

आमच्या इकडे हे शब्द आले ते गोव्यामार्गें. पोर्तुगीज अमलांतील गोव्यांत देवळांच्या शाळांतून मुलांस पाटीवरील अक्षरांबरोबर सुरांचीं चिन्हेंहि शिकवीत, आणि व्हायोलिन हातीं देत. तेथें तयार झालेले वादक पुढें मुंबईच्या बॅण्डांत, नाचघरांत, आणि बोलपट आल्यावर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत मोठ्या संख्येनें शिरले. त्यामुळें ‘आंदांते’, ‘रितार्दांदो’ हे शब्द मुंबईच्या स्टुडिओंतहि रुळले. आमच्या मास्तरांनींहि असल्याच एका शाळेंत शिकलेल्या वादकापाशीं धडे घेतले होते.

आपल्या हिंदी संगीतांत नाट्यशास्त्रापासून द्रुत, मध्य व विलंबित अशा तीन लया सांगितल्या आहेत, आणि हे शब्द खरोखरीच गतीचे आहेत. भावाशीं त्यांचा संबंध नाहीं. तरी त्यांचीहि तीच गत झालेली दिसते. विसाव्या शतकांत ख्यालगायनांतील विलंबित लय इतकी मंद होत गेली, कीं तिला ‘अति विलंबित’ असें वेगळें नांव द्यावें लागलें. शब्द जागच्या जागीं, आणि लय त्याच्याखालून सरकलेली. आणि इटालियन ‘तेंपो’ म्हणाल तर तो महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रोज धांवतो. जर्मन लोकांनीं तो शब्द ‘वेग’ ह्या अर्थानें घेतला, एका जर्मन कारखान्यानें आपल्या मालवाहू गाडीस तें नांव दिलें, 1958 सालीं तिचें उत्पादन करणारी बजाज टेंपो कंपनी निघाली, आणि मराठी माणसानें मग मालाच्या प्रत्येक लहान गाडीस ‘टेंपो’ म्हणावयास आरंभ केला. मोंतेव्हेर्दीच्या शब्दांतून कांदे वाहून नेले जातील, असें त्याच्या स्वप्नींहि आलें नसेल.

आतां आमच्या स्तोत्राकडे वळूं. मोझार्टनें तें राजवाड्यासाठीं लिहिलेलें नाहीं. व्हिएन्नाजवळच्या बाडेन गांवचे शाळामास्तर व देवळाचे गायनप्रमुख आंतोन श्टोल हे त्याचे स्नेही. त्या गांवच्या गायकमंडळासाठीं, ख्रिस्तशरीराच्या सणानिमित्त, मोझार्टनें तें 17 जून 1791 रोजीं लिहिलें. त्याच वर्षाच्या 5 डिसेंबरला तो वारला. म्हणजे हें स्तोत्र आमच्यासारख्याच लोकांच्या श्वासाचा अंदाज घेऊन लिहिलें होतें. आरंभीं शब्द ‘अदाजिओ’ आहेच. परंतु आम्हीं शहरांतून मागविलेल्या छापील प्रतींत त्या शब्दाच्या खालीं तें जुनें अर्धें वर्तुळ आहे, आणि त्यांतून उभी रेघ गेलेली आहे. बारांत चार ठोके नव्हेत, दोन. स्वस्थपणें खरें, पण स्वस्थपणा मोजावयाचा तो मिनिमावर.

मास्तरांच्या वहींत सोप्रानो, आल्तो आणि टेनर ह्या तिन्ही भागांच्या आरंभीं रेघ नाहीं. ही गोष्ट टेनर काकांस सांगावी कशी, ह्या विवंचनेंत आम्ही चार दिवस होतों. अखेर छापील प्रत व वही दोन्ही त्यांच्या घरीं घेऊन गेलों. त्यांनीं चष्मा पुसला, छापील पान पाहिलें, कांहीं बोलले नाहींत. मग वहीचीं पानें उलटीत उलटीत ते बासच्या भागापर्यंत गेले, जो त्यांनीं कधीं उघडलाच नव्हता. तेथें, शाई फिकी झालेली असली तरी, वर्तुळांतून रेघ स्पष्ट ओढलेली होती. मास्तरांनीं तीन भागांत ती गाळली कीं चौथा भाग मागाहून दुसऱ्या एखाद्या प्रतीवरून उतरला, हें आतां कोण सांगणार! काकांनीं त्या रेघेवर बराच वेळ बोट ठेविलें. “बास कोणीं आधीं दाखविला असता तर,” एवढेंच ते म्हणाले.

गेल्या रविवारच्या तालमींत ते येऊन मागच्या रांगेंत आपल्या जागीं उभे राहिले. आम्हीं दोन ठोक्यांनीं स्तोत्र म्हटलें. घड्याळाप्रमाणें तीन मिनिटांस कांहीं सेकंद कमी लागले, आणि शेवटच्या लांब ओढीवर कोणाचाहि दम तुटला नाहीं. काकांनीं एकच अट घातली आहे : गायन संपल्यावर ऑर्गनचे जे शेवटचे थोडे बार राहतात, ते मास्तर वाजवीत तसे, रेंगाळत वाजवावे. छापील प्रतींत त्यासाठीं कसलाहि शब्द नाहीं. ऑर्गनवाल्या मुलानें तेथें शिसपेन्सिलीनें एक बारीक ‘टी’ काढून ठेविला आहे.